तिसरी ते पाचवीतून विज्ञान गेलेले नाही

गोव्यातील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने तिसरी ते पाचवीच्या मुलांचे विज्ञान काढून घेतले, सहावी ते आठवीतून उत्क्रांती आणि आवर्तसारणी वगळली आणि दिल्लीत ठरलेल्या या अभ्यासक्रमाला गोव्याशी काही देणेघेणे नाही, अशी तीन विधाने त्यात आहेत. पेडणे तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळांत माझी सारी नोकरी झाली, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान साफ चुकीचे आहे. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तिसरी ते पाचवीसाठी ‘आपल्या भोवतीचे जग’ हा विषय आहे आणि विज्ञान व सामाजिक शास्त्रे त्यात एकत्र शिकवायची आहेत. हे आज घडलेले नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटी या संस्थेच्या 1975 च्या आराखड्यानेच प्राथमिक स्तरावर परिसर अभ्यास आणला आणि 2000 पासून तिसरी ते पाचवीला तो एकसंध विषय आहे. वेळापत्रकात ‘विज्ञान’ हा शब्द नाही, म्हणून वर्गात विज्ञान नाही असे होत नाही.

आगरवाड्याच्या मिठागरावर तिसरीची मुले नेली होती, तेव्हाची गोष्ट सांगते. खारे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत नेतात, उन्हाने ते दाट होत जाते आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचे खडे धरतात. एका मुलीने ओला खडा चिमटीत धरून विचारले, “बाई, पाणी उडून गेले, मग मीठ का नाही उडाले?” सहावीच्या ‘क्युरिऑसिटी’ या एनसीईआरटीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाण्याच्या अवस्थांवर आणि मिश्रणातील पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धतींवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. ज्या मुलाला हा प्रश्न तिसरीत पडला, त्याला ती प्रकरणे परकी वाटत नाहीत.

दुसऱ्या विधानात इयत्ता चुकली आहे, तक्रार मात्र खरी आहे. वगळलेला भाग सहावी ते आठवीचा नसून दहावीचा आहे. तेथील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हे प्रकरण 2023 च्या पुस्तकात केवळ ‘आनुवंशिकता’ उरले आणि मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचे प्रकरणही गेले. आवर्तसारणी अकरावीच्या रसायनशास्त्रात आणि उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे. पण दहावीनंतर कला किंवा वाणिज्य शाखेला जाणाऱ्या मुलांपर्यंत ती पोहोचणारच नाही. 1,800 हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी याविरुद्ध खुल्या पत्रावर सह्या केल्या आणि त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. म्हणूनच हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा मला राग येतो: चुकीची इयत्ता सांगितली की रास्त मागणी पहिल्याच उत्तरात खोडली जाते.

तिसऱ्या विधानाबाबत एवढेच सांगायचे की, 1976 पासून शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत आहे, एनसीईआरटी ही सल्ला देणारी संस्था आहे आणि राष्ट्रीय पुस्तके स्वीकारायची की त्यांत आपला मजकूर घालायचा, हे राज्य ठरवू शकते. शिवाय मुलांनी सभोवतालच्या परिसरातून शिकावे, असे आराखडाच सांगतो. आमच्या खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या शेतीच्या, बांधातील मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार घ्या. भरती आली की नदीचे पाणी बाहेरून लाकडी दाराला रेटते आणि दार बंद होते. ओहोटीला आतले पाणी तेच दार उघडून बाहेर पडते. कोणाचा हात लागत नाही. दाब म्हणजे काय, हे यापेक्षा चांगले दाखवणारे साधन मी कोणत्याही प्रयोगशाळेत पाहिलेले नाही आणि ते दाखवायला कोणत्याही अभ्यासक्रमाने मला कधी मनाई केली नाही. मुलांना बांधावर न्यायला अर्धा दिवस मिळत नाही, ही अडचण आहे. पण ती शाळेच्या वेळापत्रकाची आहे आणि पालकसभेत सोडवता येण्यासारखी आहे.