काळा पाषाण काळाच दिसू द्या

नाशिकच्या गोदाघाटावर फोटो काढत फिरण्याचा, फोटोवारीचा लेख आवडला. फक्त ‘पहाटे कॅमेरा ऑटोवर ठेवला तरी भागतं’ हे पटलं नाही. नारोशंकराचं देऊळ फ्रेमभर घेतलं की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर त्या काळ्या दगडाला मध्यम राखाडी धरतं आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, वाढवतं. मग दगड धुरकट, आकाश पांढरंफटक! एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरचा अंदाज हाताने कमी-जास्त करायची सोय) उणे १ वर न्या आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, ठेवा. सावलीतली नक्षी नंतर बरीचशी उचलता येते, जळालेलं आकाश परत येत नाही.

ओल्या पायऱ्यांची चकाकी पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) फिरवून कमी होते, पण तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. रामकुंडात उडणारे थेंब गोठवायला शटर १/१००० सेकंद लागतं, तेव्हा पोलरायझर काढून ठेवा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६०० करायला कचरू नका. स्नान करणाऱ्यांचे चेहरे मात्र विचारूनच टिपावेत.

याच फोटोंवरून जलरंग करणाऱ्यांनी दगडासाठी ट्यूबमधला काळा टाळावा, तो निर्जीव दिसतो. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळा, निळा किंचित जास्त. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) घ्या. पहिला थर अर्धवट ओला असताना वर पाणीदार रंग लावला, तर तो आधीचा रंग ढकलतो आणि दातेरी डाग उमटतात. हात लावून कागद गार लागला तर अजून थांबा.

आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिप्राय मागताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही; सोबत शटर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र), आयएसओ लिहा. मग बघणाऱ्याला नुसतं ‘मस्त’ म्हणण्यापलीकडे काही सांगता येतं.