चाल घेतली म्हणजे गाणं चोरलं?

नाशिकच्या आमच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय: अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनने चाली चोरल्या, शब्द दुसऱ्यांकडून लिहून घेतले आणि विजेची गिटार धरून लोकगीताला दगा दिला; मग त्याला २०१६चं साहित्याचं नोबेल कशाबद्दल? वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

आधी चालीचं. 'ब्लोइन इन द विंड'ची चाल 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गुलामांच्या गाण्यावरून आली, हे खरं. पण ते डिलनने स्वतःच सांगितलंय. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या गॅसलाइट कॅफेत त्याने ते मूळ गाणंही गायलं. ते ध्वनिमुद्रण १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. परवा पेटीवर दोन्ही चाली लागोपाठ वाजवून पाहिल्या. सख्खी भावंडंच. पण मूळ गाणं ठणकावून सांगतं, आता माझा लिलाव नाही. डिलनने त्या सुरांवर तीन कडव्यांत नऊ प्रश्न विचारले, आणि गाणं त्याचं झालं. जात्यावरच्या ओवीची चाल कुणाच्या नावावर असते? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांच्या मुलखात तरी हे समजावून सांगावं लागू नये. जलशात ओळखीच्या चालीवर नवे शब्द आले की पहिल्याच ओळीला लोक साथ धरतात.

माझी तक्रार एकच. लंडनमध्ये लोकगायक मार्टिन कार्थीकडून 'स्कारबरो फेअर' हे जुनं इंग्रजी लोकगीत शिकून त्याने 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' बांधलं. त्या गाण्याच्या श्रेयात जुन्या चालीचा उल्लेख असायला हवा होता.

शब्दांचा आरोप मात्र साफ खोटा. १९७६च्या 'डिझायर' या अल्बममधल्या नऊपैकी सात गाण्यांवर नाट्यदिग्दर्शक जाक लेव्हीचं नाव डिलनच्या नावाशेजारी छापलेलं आहे. लपवलं काय? उलट १९६५चा 'हायवे ६१ रिव्हिजिटेड' अख्खा त्याने एकट्याने लिहिलाय. 'डिझायर'च्या वेळी तर व्हायोलिनची पेटी घेऊन रस्त्याने चाललेल्या स्कार्लेट रिव्हेराला गाडी थांबवून त्याने तालमीला नेलं. त्यातल्या 'हरिकेन' गाण्यातलं ते अस्वस्थ व्हायोलिन तिचंच. सोबत्यांना अशी जागा देणाऱ्या माणसाला उसनवारीचा लेखक कसं म्हणायचं?

राहिली विजेची गिटार. अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ती १९६५ मध्ये वाजली. १९६७च्या अखेरीस आलेला 'जॉन वेस्ली हार्डिंग' हा अल्बम मात्र साध्या गिटारचा, माउथ ऑर्गनचा, शांत. त्याच्या मुखपृष्ठावर डिलनसोबत बंगालचे दोन बाउल, म्हणजे तिथले भटके लोकगायक, उभे आहेत, पूर्णदास आणि लक्ष्मणदास. तबकडी माझ्याकडे आहे. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला, त्यांनी एका संध्याकाळी घरी यावं, सोबत ऐकू.