खतात वर्तमानपत्र टाकलं म्हणून भाजी विषारी होत नाही

पावसाची झड लागली की ओल्या कचऱ्याचे ड्रम वास मारायला लागतात, आणि नेमका त्याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर तो संदेश फिरतो. यंदा सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत तो चार ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: वर्तमानपत्राच्या शाईत शिसं असतं, ते खतातून भाजीत उतरतं, सरकारनेच वर्तमानपत्रावर बंदी घातली आहे, कागदाने गांडुळं मरतात, कागद वर्षानुवर्षं कुजत नाही, म्हणून रद्दी जाळा आणि तिची राख झाडांना घाला.

शेजारच्या काकूंनी तो वाचून ड्रममध्ये कागद टाकणं बंद केलं. पंधरा दिवसांत ड्रमच्या तळाला काळं पाणी साचलं, चिलटं झाली, खालच्या मजल्यावरून तक्रार आली आणि काकूंनी ड्रम भंगारात द्यायला काढला. हे बघून मला फार वाईट वाटलं. मी अकरा वर्षं गच्चीवर खत करते आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

आधी शिशाचं. ही भीती हवेतून आलेली नाही. खिळ्यांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे शिसं, अँटिमनी आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे असत, आणि ते जुळवणाऱ्यांच्या बोटांना शिसं रोज लागत असे. जुन्या रंगीत शायांमध्ये, विशेषतः पिवळ्या शाईत, लेड क्रोमेट हे शिशाचं रंगद्रव्यही वापरत. पण आता वर्तमानपत्रं ऑफसेटवर छापली जातात, खिळे गेले. काळ्या शाईचा काळेपणा म्हणजे काजळी, म्हणजे कार्बन, तेलात घोटलेला. सकाळी पेपर वाचून बोटं काळी होतात ती त्याच काजळीने, कारण ही शाई पुरती वाळत नाही, कागदात मुरते. पिवळ्या शाईत आता लेड क्रोमेटऐवजी कार्बनी रंगद्रव्यं असतात. निळ्या शाईत तांबं असतं खरं, पण ते रंगाच्या रेणूतच घट्ट बांधलेलं. तसंही तांबं झाडाला थोडं लागतंच. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातून द्राक्षबागेत किती मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, जातो ते तासगावच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा.

तरी रंगीत पानांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत खतासाठीचा कच्चा माल म्हणून वर्तमानपत्र चालतं असं स्पष्ट लिहिलं आहे, मात्र चकचकीत कागद आणि रंगीत शाई नको ही अट घालून. ही अट मला पटते. रंगीत पुरवण्या मी बाजूला ठेवते. काळी पानं माझ्या ड्रमला पुरून उरतात.

शिशाचा आकडाच हवा असेल तर आपल्या खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी किलोला १०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. ती शून्य नाही, कारण शिसं मातीतही थोडंफार असतंच. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ते घट्ट धरून राहतं आणि मुळांतून फार वर चढत नाही. पोटात जातं ते मुख्यतः पानांवर, कंदांवर चिकटलेल्या मातीतून आणि धुळीतून. म्हणून भाजी नीट धुवायची. खरी भीती आहे ती जुन्या ऑइलपेंटची. घराच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असावं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या किती खिडक्या आणि ग्रिल आपल्या घरांत अजून आहेत! त्यांचे पापुद्रे सुटत असतील तर खालची मेथीची कुंडी आजच हलवा. लेकरांच्या काळजीने हा संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला माझी हीच कळकळीची विनंती आहे.

आता सरकारी बंदी. बंदी आहे, पण ती खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यावर. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये तशी सूचना काढली, पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमांतही ते आलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावलं गेलं. या शेवटच्या सूचनेत शिशाचंही नाव आहे, ते मी लपवत नाही. गरम भजी किंवा तेलकट भडंग कागदावर ओतलं की तेल शाईला सोडवतं आणि पाच मिनिटांत ती पोटात जाते. पेपरात बांधलेलं मी स्वतः खात नाही, कुणी खाऊ नये. पण ड्रममध्ये तोच कागद दोन-तीन महिने जिवाणू आणि बुरशीच्या ताब्यात असतो. शाईतल्या तेलाचा बराचसा भाग ते मोडतात आणि काजळी खतात तशीच पडून राहते. ताटाचा नियम उकिरड्याला लावून कसं चालेल?

गांडुळांबद्दल फार लिहायची गरज नाही. गांडूळखताच्या वाफ्यात तळाला भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या अंथरण्याची पद्धत जगभर आहे. गांडुळं मरतात ती ताज्या शेणाच्या उष्णतेने, तुंबलेल्या पाण्याने किंवा मुंग्या लागल्याने.

कागद कुजत नाही, या म्हणण्यात मात्र अर्धं सत्य आहे. वर्तमानपत्राचा कागद बहुधा लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो आणि त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, राहिलेलं असतं. ऊन लागून पेपर पिवळा पडतो तो त्यामुळेच, आणि कुजायला वेळ लागतो तोही त्यामुळे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी कचऱ्याचे डेपो खणले तेव्हा काही दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येतील अशी निघाली. पण ती गठ्ठ्याने, कोरडी, हवा न लागता दाबलेली होती. आपणही घडीचा पेपर तसाच ड्रममध्ये टाकला तर त्याचा पापडासारखा थर बसतो, हवा कोंडते आणि वास सुटतो. काकूंनी आधी हेच केलं होतं, म्हणून त्यांना संदेश लगेच खरा वाटला.

पेपर उभा फाडला की सरळ बोटभर पट्ट्या निघतात, आडवा फाडला की वेडावाकडा फाटतो. एकदा करून बघा. पट्ट्या ताक-गुळाच्या पाण्यात भिजवून, पिळून, खरकट्यात मिसळायच्या. थर घालायचे नाहीत. याचं कारण कार्बन आणि नत्राच्या हिशेबात आहे. ढीग चांगला तापायला एका भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कार्बन लागतो. भाजीच्या देठांत, खरकट्यात तो साधारण पंधरा-वीस भाग असतो, कागदात दीडशेच्याही वर. म्हणून पावसाळ्यात सुका पाला मिळत नाही तेव्हा कागद ड्रम वाचवतो. उसाचं पाचट किंवा भुसा मिळत असेल तर कागद नसला तरी चालेल. कच्चा कागद मात्र थेट कुंडीच्या मातीत पुरू नका. तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. मग पुन्हा शाईवर आळ येतो.

राहिला शेवटचा सल्ला, रद्दी जाळण्याचा, आणि मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा आहे. शिसं जळून नाहीसं होत नाही. कागदात ते असेल असं धरलं, तर कागद जळाल्यावर त्यातलं बरंचसं मूठभर राखेत गोळा होणार आणि थोडं धुरावाटे आपल्याच छातीत जाणार. म्हणजे ज्या विषाची भीती घातली तेच घट्ट करून झाडाला घालायला सांगितलं आहे! शिवाय राख अल्कधर्मी असते. कृष्णाकाठी पाण्याच्या अतिवापराने जमिनी क्षारपड झालेल्या आपण बघतो आहोत. अशा मातीत राख घालणं म्हणजे दुखण्यात भर.

ड्रममध्ये खरंच जाऊ नयेत असे कागद वेगळे आहेत. मशिनमधून निघणारी एसटीची तिकिटं आणि एटीएमच्या पावत्या, कारण त्या थर्मल (उष्णतेने छापल्या जाणाऱ्या) कागदावर अनेकदा बिस्फेनॉल या रसायनाचा लेप असतो. चमकी लावलेल्या लग्नपत्रिका. चहाचे कागदी कप, कारण त्यांना आतून प्लॅस्टिक असतं. आणि पुराच्या पाण्यात भिजलेली रद्दी. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर तिचे ढीग रस्त्यावर पडले होते, पण त्या पाण्यात गटारापासून डिझेलपर्यंत सगळं मिसळलं होतं. मी त्यातलं एक पान घेतलं नाही.

कोरी करकरीत रद्दी मी रद्दीवाल्यालाच देते, तिचा पुन्हा कागद होतो. ड्रमला जातात ती भाजी निवडताना खाली अंथरलेली, ओली झालेली पानं. काकूंचा ड्रम रविवारी आम्ही दोघींनी उपसला, तळाच्या पाण्यात दहापट साधं पाणी घालून ते जास्वंदीला दिलं, आणि खरकट्यात चार पेपरांच्या पट्ट्या कालवून ड्रम पुन्हा भरला. आज पाचवा दिवस आहे. झाकण उघडलं की वाफ येते, वास येत नाही.