तुम्ही वाढाल ते खाईन

सांगलीत विश्रामबागच्या चौकाजवळ आमचा कट्टा भरतो. गेल्या रविवारी तिथे जो वाद झाला, तो एका पत्रातल्या एका वाक्यावरून झाला आणि दिवे लागून बराच वेळ झाला तरी मिटला नाही.

हळदीची अडत असलेल्या आमच्या मित्राची मुलगी नुकतीच दहावी झाली असून शालेय विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या एका कार्यक्रमातून वर्षभरासाठी अमेरिकेला निघाली आहे. या कार्यक्रमांत वसतिगृह नसते. विद्यार्थी तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतो आणि त्या गावातल्या शाळेत जातो. आपल्याला घरात घेऊ पाहणाऱ्या कुटुंबासाठी मुलीने आपली ओळख करून देणारे पत्र लिहायचे असते. त्या पत्राचा मसुदा मित्राने मोठ्या कौतुकाने आम्हाला वाचायला दिला. आजीविषयी, सायकलविषयी, कृष्णेच्या घाटाविषयी मुलीने फार सुंदर लिहिले होते. शेवटी मात्र एक वाक्य होते: ‘मला खाण्यापिण्याची कसलीही आवडनिवड नाही, तुम्ही वाढाल ते मी खाईन आणि माझा तुम्हाला काडीचाही त्रास होणार नाही.’ हे वाक्य आपण सांगून घातले, असे मित्राने अभिमानाने सांगितले.

आमच्यातल्या वकिलांना ते वाक्य मनापासून आवडले. मी म्हणाले, “बाकी सगळे पत्र राहू दे, पण हे वाक्य काढ.”

वादाला खरे तोंड तिथे फुटले. गणिताचे शिक्षक असलेले अण्णा आधी वेगळ्याच मुद्द्यावर अडून होते. अकरावीचे वर्ष मागे पडते, परत आल्यावर मुलगी एका वर्षाने लहान मुलांच्या वर्गात बसल्यासारखी वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. सोळाव्या वर्षी एक वर्ष मागे पडल्याने कोणाचे आयुष्य अडत नाही, असे मला वाटते. मित्राचाही निर्णय झालेला होता, त्यामुळे तो मुद्दा तिथेच थांबला. सुरक्षिततेची काळजी अधिक रास्त होती आणि तिचे उत्तर वकिलांनीच दिले, कारण त्यांनी मित्रासाठी सगळी कागदपत्रे वाचली होती. अमेरिकी सरकारच्या नियमांप्रमाणे यजमान घरातल्या 18 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक माणसाची गुन्हेगारी नोंद तपासावी लागते. घर प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागते. मुलाला स्वतंत्र पलंग द्यावा लागतो. त्याची जबाबदारी असणारा स्थानिक समन्वयक 120 मैलांच्या, म्हणजे सुमारे 193 किलोमीटरच्या आत राहणारा असावा लागतो आणि त्याने दर महिन्याला मुलाशी बोलायचे असते.

“आणि त्या कुटुंबाला याचा एक पैसाही मिळत नाही,” वकील पुढे म्हणाले. “तसे मानधन द्यायला नियमानेच मनाई आहे. कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये दरमहा पैसे मोजून घरात राहतात, तो प्रकार वेगळा. इथे ती माणसे निव्वळ प्रेमाने दार उघडतात. मग आपल्या मुलीने तिथे ‘मला हे नको, मला ते हवे’ असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?”

मित्राने मान डोलावली. माझे म्हणणे नेमके उलटे होते आणि आजही आहे. पैसे मोजून राहणारा निदान ग्राहक असतो. त्याला जेवण आवडले नाही तर तो तसे सांगतो. पैसे न घेता जे घर मुलीला ठेवून घेते, त्याला घरात पाहुणी नको असते, आणखी एक मूल हवे असते. घरातले मूल ताट उचलते, आपली चादर स्वतः धुते, कुत्र्याला फिरवून आणते, आणि भूक लागली तर भूक लागली असे सांगते. यातले शेवटचे काम आपण आपल्या मुलांना शिकवतच नाही.

मी 17 वर्षांची असताना मिशिगनमधल्या एका लहान गावात अशाच एका घरात वर्षभर राहिले. पहिल्या रात्री त्या घरातल्या बाईंनी मला फ्रिज उघडून दाखवला आणि यातले काहीही, केव्हाही घे असे सांगितले. जेवताना त्यांनी आणखी वाढू का असे विचारले. मी नको म्हणाले आणि त्यांनी भांडे उचलून ठेवले. आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला कोणी नकार समजत नाही, दुसऱ्यांदा विचारले जाते, तिसऱ्यांदा ताटात वाढलेच जाते. त्या आग्रहाची वाट पाहत मी सात-आठ दिवस अर्धपोटी झोपले. फ्रिजला हात लावला नाही, कारण परक्याच्या घरात न विचारता डबा उघडायचा नाही हे अंगवळणी पडले होते. माझी खोली तळघरात होती. नोव्हेंबरमध्ये तिथल्या भिंती हाताला गार लागू लागल्या, तेव्हा दोन स्वेटर आणि पायमोजे घालून मी पांघरुणात शिरत असे. समन्वयक बाई महिन्याला येत आणि सगळे ठीक आहे ना असे विचारत. सगळे ठीक आहे, असे मी सांगत असे.

डिसेंबरमध्ये मला ताप आला आणि त्या निमित्ताने घरातल्या बाई रात्री खाली आल्या. मला त्या अवस्थेत पाहून त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि रडू लागल्या. “माझ्या घरात तू दीड महिना कुडकुडत झोपलीस आणि मला एकदाही सांगावेसे वाटले नाही? मी तुला इतकी परकी आहे का?” त्याच रात्री वरच्या मजल्यावरची शिवणाची खोली मला रिकामी करून मिळाली. माझ्या गप्प राहण्याला मी सौजन्य समजत होते. त्यांना त्यातून कळले ते एवढेच, की ही मुलगी आपल्याला आपले मानत नाही.

अण्णा म्हणाले, “पण आनंदीबाई जोशी सोसूनच डॉक्टर झाल्या ना?”

अण्णांनी हे नाव काढले याचा मला आनंद झाला, कारण अमेरिकेत कुटुंबात राहण्याच्या आपल्या गोष्टीची सुरुवातच तिथून होते. त्यांचे पती गोपाळराव यांचे पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले होते. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी दंतवैद्याकडे बसल्या असताना ते वाचले आणि आपणहून पत्रव्यवहार सुरू केला. जून 1883 मध्ये 18 वर्षांच्या आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या आणि त्यांना मावशी म्हणू लागल्या. पुढे फिलाडेल्फियात शिकायला गेल्यावर त्यांना जी खोली मिळाली, तिथली शेकोटी पेटवली की खोलीभर धूर होत असे. धूर नाही तर थंडी, एवढेच त्यांच्या हाती होते. मार्च 1886 मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची 22 वर्षे पुरी होण्याआधी, क्षयाने त्या पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवण्यात आल्या. ज्या घराने त्यांच्या अस्थीदेखील आपल्या माणसांत ठेवल्या, त्या घराला थंडीविषयी चार ओळी लिहिणे हा त्यांचा हक्क होता, असे मला वाटते. त्या सोसण्याला आपण धैर्य म्हणतो, आणि ते धैर्य होतेच. पण म्हणून आपल्या मुलीच्या पत्रात तेच सोसणे आधीपासून कबूल करून टाकायचे का?

वकील बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी नियमांतला आणखी एक मुद्दा सांगितला: घर जमले नाही तर विद्यार्थ्याला दुसऱ्या कुटुंबात हलवता येते. मित्राला हे ऐकूनच ओशाळल्यासारखे झाले. घर बदलले तर लोक मुलीलाच नावे ठेवतील, असे तो म्हणाला. तेव्हा अण्णांनीच त्याला विचारले, की मुलीला तिथे काही सांगायचे झाले तर तिने आधी बापाच्या अब्रूचा विचार करावा, असे तुला वाटते का?

मित्राने उत्तर दिले नाही. त्याने मुलीला फोन लावला आणि तुला नक्की काय आवडत नाही असे विचारले. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. वकिलांनी खिशातून पेन काढून ते वाक्य खोडले आणि मित्र सांगत गेला तसे त्याच्या जागी लिहीत गेले: मी अंडे खाते, मांस आणि मासे खात नाही. मला रात्री खोलीत थोडा उजेड लागतो. मी लवकर बोलत नाही, म्हणून मला दोनदा विचारा.