आत्याचा प्रश्न

‘परदेशात शिस्त, आपल्याकडे गोंधळ’ हे एका लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. मी इंदूरचा, हल्ली मुक्काम इंग्लंडातलं बर्मिंगहॅम. मार्च 2025 मध्ये इथे कचरा कर्मचाऱ्यांनी बेमुदत संप पुकारला. फुटपाथवर काळ्या पिशव्यांचे ढीग आणि त्यांवर मांजराएवढे उंदीर. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर इंदूरच्या रामबागेतल्या आत्याला खिडकीतून ते दाखवलं. ती पोहे परतत होती, उलथनं हातात तसंच राहिलं. म्हणाली, “अरे, तुमच्याकडे गाडी नाही येत?” 2017 पासून स्वच्छतेत ओळीने पहिला नंबर काढणाऱ्या गावातली बाई ती. काय उत्तर देणार!

पण इंदूरकरांनीही फार हसू नये भिया (आमच्या इंदुरीत भाऊ). 2013 साली कौतुकाने सुरू केलेला बीआरटीएस, म्हणजे बसगाड्यांचा वेगळा रस्ता, 2025 मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने उखडायला घेतलाच की. इकडची तऱ्हा वेगळी, न बांधताच रद्द! बर्मिंगहॅमहून मँचेस्टरकडे जायची हायस्पीड रेल्वे तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केली. घोषणा कुठे केली? मँचेस्टरमध्येच, तीही एकेकाळी रेल्वे स्टेशन असलेल्या इमारतीत.

इथल्या पंतप्रधानांचं तर विचारूच नका. ब्रेक्झिटच्या मतदानाच्या 2016 पासून 2024 पर्यंत सहा पाहिले. त्यातल्या ट्रसबाई 49 दिवस टिकल्या, आत्याचं लिंबाचं लोणचं मुरायच्या आत गेल्यासुद्धा. आत्या आता नाव विचारत नाही, “सध्या कोण?” एवढंच विचारते.

असो. माझं जिरावण, पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, संपलंय. इंदूरहून कोणी इकडे येणार असेल तर कळवा.