रद्दीत गेलेले संदर्भ

गेल्या मार्चपासून मी मराठी विकिपीडियावरचं एक पान दुरुस्त करते आहे. पान एका दिग्दर्शकाचं. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. सर दादरचे. माहितीपट काढायचे आणि जवळजवळ तीस वर्षं मराठी दैनिकांतून, साप्ताहिकांतून चित्रपटांवर लिहायचे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण पानावरचा वाद अजून मिटलेला नाही आणि त्यांच्या घरच्यांना त्यात ओढायचं नाही.

कॉलेजात असताना मी प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या मिनी थिएटरात सिनेमे बघायला जायचे. १९६८ पासून चालत आलेल्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीची मी सभासद होते. खेळ संपला की सर बाहेर चहा घेत उभे असायचे आणि आम्ही सात-आठ जण त्यांच्याभोवती. कॅमेरा कुठे ठेवलाय, तो तिथेच का, पात्र चौकटीबाहेर गेल्यावर आवाज का चालू राहतो, हे मी त्या फुटपाथवर शिकले. सिनेमा बघावा कसा हे मला मराठीत कळलं, याचं मोल इथे नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलव्हीनला येऊन अकरा वर्षं झाल्यावर जास्तच जाणवतं.

पानावर चार ओळी होत्या. जन्मसाल चुकलेलं, आणि समीक्षेबद्दल अवाक्षर नाही. एका रात्री बसून मी अकरा परिच्छेद लिहिले. सकाळी बघते तर सगळे उडालेले. संपादनाच्या इतिहासात एवढंच होतं : संदर्भ नाहीत, मजकूर प्रचारकी वाटतो. मी चर्चा पानावर भांडले. मी सरांना ओळखत होते, माझ्या कानांनी ऐकलंय, असं लिहिलं. समोरच्या संपादकांनी शांतपणे उत्तर दिलं की तुमची आठवण खरी असेल, पण वाचणाऱ्याला ती तपासता यायला हवी.

दोन दिवस मी चरफडत होते. मग पटलं. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांनाही स्वतःच्याच कादंबरीबद्दलची चूक इंग्रजी विकिपीडियावर नुसती सांगून दुरुस्त करून घेता आली नव्हती. २०१२ मध्ये त्यांना नियतकालिकात जाहीर पत्र लिहावं लागलं. नियम कडक आहे. पण तो नसता, तर माझ्यासारखी प्रेमाने लिहिणारी आणि दुसरा कोणी द्वेषाने लिहिणारा, यांच्यात वाचकाने फरक कसा करायचा?

म्हणून मी संदर्भ शोधायला लागले. आणि खरं दुखणं तिथे कळलं.

माहितीपटांचं निभावलं. त्यांतले दोन फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेले, त्यामुळे सरकारदरबारी नोंद आहे. पण शेकडो लेखांचं काय? ज्या दैनिकात ते सर्वांत जास्त काळ लिहीत होते, त्याच्या कचेरीत फोन केला. जुन्या फायली दुसरीकडे हलवल्यात, कुठे ते सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. एका साप्ताहिकाचे अंक कुणाकडे आहेत हे त्याच्या शेवटच्या संपादकांच्या मुलालाही माहीत नव्हतं. पुरस्कार मिळाला की नोंद राहते. अरुण खोपकर दिग्दर्शकही आहेत आणि समीक्षकही. त्यांच्या मराठी पुस्तकाला २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा संदर्भ देणाऱ्याला अडचण नाही. पण दर शुक्रवारी सिनेमा बघून, रात्री जागून, शनिवारी मजकूर देणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य वर्तमानपत्राच्या कागदावर असतं, आणि आपण तो कागद किलोवर विकतो.

इथे नेदरलँड्समध्ये डेल्फर नावाचा संग्रह आहे. १६१८ पासूनची डच वर्तमानपत्रं त्यात शोधता येतात, घरबसल्या, फुकट. मी सहज एका गावच्या विस्मरणात गेलेल्या चित्रपट समीक्षकाचं नाव टाकून पाहिलं, तर त्याची १९५० च्या दशकातली परीक्षणं तारखेसह, पानासह समोर आली. जगात डच बोलणारे अडीच कोटींच्या आसपास. आपण २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होतो. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, त्याचा दिवस आपण दर ६ जानेवारीला साजरा करतो.

गेल्या दीड-दोन वर्षांत घरच्या ग्रुपवर मराठीशिवाय विषय नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मीही पेढे वाटले. पहिलीपासून तिसरी भाषा हा निर्णय २९ जून २०२५ ला सरकारने मागे घेतला तेव्हाही मला बरं वाटलं, आणि ते मी लपवत नाही. माझ्या भाचरांना आधी मराठी नीट यावी. पण त्याच आठवड्यात मी ग्रुपवर विचारलं होतं की कुणी ग्रंथालयात जाऊन १९७८ चे अंक बघेल का? एकाचंही उत्तर नाही. मामेभाऊ एवढंच म्हणाला, “तिकडे बसून सांगणं सोपं असतं गं.”

त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तो बदलापूरहून लोकलने येतो, घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजतात. इथल्या ग्रंथालयांना सरकार पैसे देतं. तिथे ग्रंथपालाचा पगारच वेळेवर होत नाही. आणि डच लोकही भाषेच्या काळजीत आहेतच, विद्यापीठांतल्या इंग्रजीवरून त्यांच्या संसदेत खडाजंगी चालू असते. फरक इतकाच की वाद चालू असताना स्कॅनिंगचं यंत्रही चालू असतं. आपल्याकडेही हे होऊ शकतं. १९५४ च्या कायद्याने आणि त्यातल्या १९५६ च्या दुरुस्तीने देशातल्या प्रत्येक पुस्तकाची, वर्तमानपत्राची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांना मिळायला हवी, त्यांतलं एक मुंबईत, टाऊन हॉलमध्ये आहे. ‘साधना’ साप्ताहिकाने आपले जुने अंक सर्वांसाठी खुले केले. मराठीसाठी मोर्चा निघतो तेव्हा मागण्यांत ही एक मागणी असावी, सगळ्या जुन्या दैनिकांच्या फायली स्कॅन करा, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी गेली ती माझी ताई. वय ६३, गुडघे दुखतात. डोंबिवलीहून तीन शनिवार ती एका ग्रंथालयात जाऊन बसली. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी धूळ झटकत बांधीव खंड काढून दिले. काही पानं हात लावताच तुटत होती. ताईने सतरा लेख शोधले. प्रत्येकाचं शीर्षक, दैनिकाचं नाव, तारीख, पान क्रमांक वहीत उतरवून तिने मला फोटो पाठवले. संदर्भाला एवढं पुरतं. लिंक लागत नाही, कात्रण चढवावं लागत नाही. ते चढवणं प्रताधिकारात बसणारही नाही. सतराही संदर्भ पानावर टिकले, आणि ज्यांनी माझे परिच्छेद उडवले होते त्यांनीच जन्मसाल दुरुस्त केलं.

एका वाक्यापुढे मात्र अजून ‘संदर्भ हवा’ लागलेलं आहे. सरांनी १९७० च्या दशकात एका साप्ताहिकात वर्षभर ‘सिनेमा कसा बघावा’ या विषयावर लेखमाला लिहिली होती. ती मी वाचली नाही; त्यांच्याच तोंडून ऐकलंय. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत त्या काळातल्या साप्ताहिकांचे गठ्ठे असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून बघा. चित्रपटावरचं सदर दिसलं, तर तारीख आणि पान क्रमांक येईल असा फोटो काढून ठेवा.