गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारण्याचा सल्ला: एक प्रतिवाद

"सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकत असेल तर तो बाद झाला, बूच मारून टाका, आत थर्मोस्टॅट असतोच, बाहेर एमसीबी असते, आणि गॅस गिझरची ज्योत निळी असेल तर चिंता नको," असा संदेश सर्रास पुढे पाठवला जातो. यातले एकही विधान टिकत नाही, आणि पहिले तर जिवावर बेतणारे आहे.

पाणी 20 अंशांवरून 60 अंश सेल्सियसपर्यंत तापले की सुमारे दीड टक्क्याने फुगते. म्हणजे 15 लिटरच्या भरलेल्या टाकीत साधारण 225 मिलिलिटर पाण्याला जागाच उरत नाही. येणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर ते मागेही सरकू शकत नाही, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह ते थेंबाथेंबाने बाहेर सोडतो. पाणी तापत असतानाचे हे ठिबकणे बिघाड नव्हे. गिझर गार असतानाही ठिबकणे थांबत नसेल, तर बहुधा व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलेले असतात किंवा पुरवठ्याचा दाब जास्त असतो. तेव्हा व्हॉल्व्ह बदलावा किंवा दाब कमी करून घ्यावा, पण बूच मारू नये. ठिबकणारे पाणी डोळ्यांत खुपते म्हणून निचऱ्याच्या नळीला तोटी बसवून देणारे कारागीरही असतात. ते बूचच, फक्त दिसायला बरे.

ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटवर एवढा विश्वास टाकणेही चूक आहे, कारण त्याचे पॉइंट ठिणग्यांनी एकमेकांना चिकटले की एलिमेंट तापतच राहते, आणि पाणी फार तापल्यास वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिला तर उरतो तो फक्त हा व्हॉल्व्ह. त्यालाही बूच मारलेले असेल तर टाकीतला दाब चढत जातो, आणि वातावरणाच्या सहापट दाबाखाली पाणी सुमारे 159 अंशांना उकळते. अशी टाकी फाटली की दाब एकदम उतरतो, त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि त्या वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा लागते.

एमसीबी अतिभार आणि शॉर्टसर्किटसाठी असते. 16 अँपिअरची एमसीबी 0.1 अँपिअरच्या वीजगळतीची दखलही घेत नाही, आणि तेवढा प्रवाह माणसाचा जीव घेऊ शकतो. त्यासाठी गळती होताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि नीट केलेले अर्थिंग लागते.

निळी ज्योत पेटवतानाच्या क्षणापुरती ग्वाही देते. बंद न्हाणीघरात प्राणवायू घटत गेला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. म्हणून तपासणीत आधी पाहायचे ते धुराडे थेट घराबाहेर निघते का आणि त्याचा सांधा निसटलेला नाही ना.